झटका मशीन एकदाच टक् करून गप्प बसतंय? या चुका टाळा

खानापूरकडच्या जंगलकडेला उसाच्या फडाभोवती झटका मशीनची, म्हणजे जनावरं पळवायला थांबून थांबून विजेचा झटका देणाऱ्या यंत्राची तार आता नवी नाही. मशीन बिघडलं की पहिला संशय बॅटरीवर जातो. माझ्या टेबलावर येणाऱ्या मशीनमध्ये बॅटरी क्वचितच दोषी निघते.

आतला कारभार थोडका आहे. 12 व्होल्टवरचा इन्व्हर्टर कॅपॅसिटर (वीज साठवणारा भाग) 400 व्होल्टपर्यंत भरतो, एससीआर, म्हणजे इशारा (ट्रिगर) मिळाला की चालू होणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, तो क्षणात ट्रान्सफॉर्मरमध्ये रिता करतो आणि तारेवर काही हजार व्होल्ट चढतात. कॅपॅसिटर 20 मायक्रोफॅरडचा असेल तर त्यात 1.6 ज्यूल ऊर्जा साठते.

एक मामा मशीन घेऊन आले. "सकाळी बेस चालतंय बघा, दुपारी एकदा टक् करतंय आणि गप्प." उघडलं तर लवकर भरावं म्हणून कुणीतरी चार्जिंगचा रेझिस्टर 4.7 किलोओहमचा घातलेला. म्हणजे कॅपॅसिटर रिता झाल्यावरही एससीआरमधून 85 मिलिअँपिअर वाहत राहणार. होल्डिंग करंटच्या, म्हणजे एससीआर चालू राहायला लागणाऱ्या किमान करंटच्या वर एवढा करंट मिळाला की एससीआर बंदच होत नाही आणि कॅपॅसिटर पुन्हा भरत नाही. तापल्यावर होल्डिंग करंट आणखी उतरतो, म्हणून दुपारची रड. 47 किलोओहम घातला तर सेकंदाला एक झटका द्यायला कॅपॅसिटर पुरता भरत नाही. म्हणून एससीआर बंद व्हायला ट्रिगरनंतर 10-20 मिलिसेकंद इन्व्हर्टर थांबेल असं केलं. मशीन आजही चालतंय.

कॅपॅसिटर बदलताना हाताशी आहे म्हणून इलेक्ट्रोलिटिक बसवू नका. प्रत्येक झटक्याला तो आतून तापतो आणि एक दिवस फुगतो. पल्ससाठीचा पॉलिप्रॉपिलीन फिल्मचाच घ्या.

आता अर्थिंग. झटक्याची परतीची वाट जमिनीतून जाते आणि उन्हाळ्यात आपल्याकडचा जांभा ठणठणीत कोरडा. एका सळईवर भागत नाही. तीन सळया, तीन-तीन मीटरवर, ओल टिकेल तिथे, घराच्या अर्थिंगपासून लांब ठोका. तपासायचं असं: मशीन बंद करून 100 मीटरवर तार लोखंडी सळयांनी जमिनीशी जोडा, मशीन चालू करा आणि फेन्स टेस्टरने (कुंपणाचं व्होल्टेज मोजायचा खास मीटर) अर्थिंगच्या सळईवर मोजा. 300 व्होल्टच्या वर दिसलं तर सळया वाढवा. साधा मल्टिमीटर तारेला लावू नका, जळतो. पावसाळ्यात व्होल्टेज पडलं तर आधी तारेला टेकलेलं गवत कापा.

मशीन दुरुस्तीला गेलं म्हणून लाइनची (घरच्या विजेची) वायर थेट कुंपणाला जोडणारेही भेटतात. मशीनचा झटका क्षणभराचा, मग सेकंदभर उसंत, त्यात जनावर सुटतं. लाइन सोडत नाही. माणूस मरतो, हत्ती मरतो, वर गुन्हा दाखल होतो.

शेवटचं, उघडणाऱ्यासाठी. कॅपॅसिटरवर ब्लीडर, म्हणजे मशीन बंद केल्यावर तो हळूहळू रिता करणारा रेझिस्टर, हवाच. साधा पाव वॅटचा रेझिस्टर बहुधा 250 व्होल्टचाच असतो, म्हणून 470 किलोओहमचे दोन सीरिजमध्ये लावा. बंद करून दीड-दोन मिनिटं थांबा, मीटरने बघा, मगच हात घाला. टोकं स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करायची सवय मलाही होती. त्याच्या पात्याला पडलेली खाच अजून तशीच आहे.