सप्टेंबरमध्ये टीम ढेपाळली की काय बघायचं, काय नाही: बेसबॉल फॅनसाठी गाईड

एप्रिल ते ऑगस्ट टीम मस्त खेळली, तुमची मनातल्या मनात ऑक्टोबरच्या प्लेऑफची (सीझननंतरच्या बाद फेरीची) तिकिटं पण काढून झाली, आणि सप्टेंबर लागल्यावर नऊपैकी सात मॅचेस हरले. बॅटर्सना बॉल दिसेनासा झालाय, बुलपेन (मॅचमध्ये नंतर येणारे पिचर्स) आठव्या इनिंगला रोज नवीन घोळ घालतंय, आणि तुम्ही झोपताना स्टँडिंग्ज (लीगचं टेबल), उठल्या उठल्या परत स्टँडिंग्ज, जसं काही रात्रीत कोणी बदलून ठेवणार आहे (आणि वेस्ट कोस्टच्या मॅचेस मध्यरात्रीनंतर संपतात त्यामुळे खरंच बदललेले असतात, बहुतेक वेळा आपल्या विरोधात). हे गाईड अशा लोकांसाठी आहे. टीम जिंकायला कशी लागेल ते मला माहीत नाही, ते मॅनेजरला पण माहीत नसतं. पण माझं मत असं की स्लम्पमध्ये (टीमच्या पडत्या काळात) अर्धा मनस्ताप हरल्याचा असतो आणि अर्धा चुकीचे आकडे बघत बसल्याचा, आणि हा दुसरा अर्धा कमी करता येतो.

पहिलं म्हणजे गेम्स बिहाइंडकडे (टेबलात किती गेम्स मागे ते) बघणं बंद करा आणि लॉस कॉलम (किती हरलो तो रकाना) बघा. समजा एक टीम ८०-६६ (८० विन्स, ६६ लॉस) आहे आणि आपण ७८-६५. टेबलमध्ये आपण अर्धा गेम मागे दिसतो आणि जीव खालीवर होतो, पण आपण एक मॅच कमी हरलोय आणि आपल्या तीन मॅचेस जास्त शिल्लक आहेत. राहिलेल्या मॅचेस जिंकून विन्स भरून काढता येतात, लॉस मात्र एकदा लागला की लागला, तो पुसला जात नाही. म्हणून सीझनच्या शेवटच्या तीन आठवड्यात जुने फॅन्स "किती गेम्स मागे" असं विचारतच नाहीत, "लॉस कॉलममध्ये किती" असं विचारतात. उलटंही होतं बरं का, टेबलात आपण अर्धा गेम पुढे आणि लॉस कॉलममध्ये एकाने मागे, तेव्हा उगाच खूश होऊ नका.

मग एलिमिनेशन नंबर (बाहेर पडायला किती उरलंय ते) काढायला शिका, दहा सेकंदाचं काम आहे. १६३ मधून (सीझनच्या १६२ मॅचेस अधिक एक) समोरच्या टीमचे विन्स वजा करा, मग आपले लॉस वजा करा. म्हणजे शेवटचं वाईल्ड कार्ड (डिव्हिजन, म्हणजे आपला गट, न जिंकता प्लेऑफला जायची जागा) ज्यांच्याकडे आहे त्यांचे ८४ विन्स आणि आपले ७२ लॉस, तर १६३ - ८४ - ७२ = ७. आपण हरलो की एक कमी, ते जिंकले की एक कमी, एकाच रात्री दोन्ही झालं तर दोन कमी. शून्य झालं की संपलं. आपण पुढे असू तर हाच हिशोब उलटा, १६३ मधून आपले विन्स आणि मागच्याचे लॉस वजा, आणि त्याला सगळे मॅजिक नंबर म्हणतात. नंबर सातवरून पाचवर आला की पोटात गोळा येतोच, पण "सगळं संपलं" असं म्हणत रात्रभर तळमळण्यापेक्षा "अजून पाच आहेत" हे माहीत असणं बरं, निदान कधी रडायचं ते तरी कळतं.

आता यात एक मेख आहे, टायब्रेकर. २०२२ पासून एमएलबीने (अमेरिकेची मेजर लीग बेसबॉल) १६३ वी मॅच बंद केली. आधी दोन टीम्स शेवटच्या जागेसाठी बरोबरीत आल्या तर एक जादा मॅच व्हायची, आता सगळं कागदावर ठरतं, आधी दोघांमधल्या मॅचेस कोणी जास्त जिंकल्या ते बघतात, तेही सारखं असेल तर आपापल्या डिव्हिजनमधला रेकॉर्ड. म्हणून आत्ताच, आज, ज्या दोन-तीन टीम्सशी आपली शर्यत आहे त्यांच्याविरुद्धचा सीझन रेकॉर्ड बघून ठेवा. तो त्यांच्याकडे असेल तर वरचा सात खरं म्हणजे सहाच आहे. २०२५ मध्ये मेट्स आणि रेड्स दोघंही ८३-७९ वर संपले, रेड्सनी आपसातल्या सहापैकी चार मॅचेस जिंकल्या होत्या, रेड्स प्लेऑफमध्ये आणि मेट्स घरी. आणि ही तीच मेट्स टीम जिचा जूनच्या मध्यात अख्ख्या लीगमध्ये बेस्ट रेकॉर्ड होता. क्रिकेट बघून इकडे आलेल्यांसाठी सांगतो, नेट रन रेटसारखं इथे काही नसतं, रन डिफरन्शियल (केलेले वजा दिलेले रन्स) टायब्रेकरला धरत नाहीत, त्यामुळे १२-१ ने जिंकलात काय आणि २-१ ने काय, टेबलात सारखंच.

रन डिफरन्शियल कामाला येतं ते वेगळ्या गोष्टीसाठी, आणि इथे जरा वेळ काढा कारण सगळा खेळ इथेच आहे. हा स्लम्प नशिबाचा आहे की खरा?

नशिबाचा स्लम्प कसा ओळखायचा तर आधी हरलेल्या मॅचेसचे स्कोअर बघा. ३-२, ५-४, १-० असे एका रनने हरत असाल तर ते बरंचसं नाणं उडवल्यासारखं असतं आणि नाणं कधी कधी सलग सहा वेळा उलटं पडतं. मग पूर्ण सीझनचे रन्स घ्या. बिल जेम्सचा जुना फॉर्म्युला आहे, केलेल्या रन्सचा वर्ग भागिले केलेल्या आणि दिलेल्या रन्सच्या वर्गांची बेरीज. ७०० केले आणि ६५० दिले तर उत्तर येतं साधारण ०.५३७, म्हणजे १६२ मध्ये ८७ विन्सची टीम. तुमची टीम या हिशोबापेक्षा बरीच खाली असेल तर टीम वाटते तेवढी वाईट नाही, आणि बरीच वर असेल तर, सॉरी, तुम्ही पाच महिने जी मजा केलीत त्याची उधारी आता वसूल होतेय. तिसरी गोष्ट बॅबिप, म्हणजे होम रन सोडून मैदानात खेळला गेलेला बॉल किती वेळा हिट होतो ते. लीगचं ॲव्हरेज .२९० ते .३०० च्या आसपास असतं. एखादा बॅटर दोन आठवडे .१८० वर असेल आणि तरी बॉल जोरात मारत असेल, स्ट्राइकआउट वाढलेले नसतील, तर तो चांगला खेळतोय, फक्त बॉल ग्लोव्हमध्ये जातायत. त्याला बेंचवर बसवा म्हणून ओरडू नका.

खरा स्लम्प वेगळा दिसतो आणि तो पिचिंगमध्ये आधी दिसतो. स्टार्टरच्या (मॅच सुरू करणाऱ्या पिचरच्या) फास्टबॉलचा वेग बघा, बेसबॉल सॅव्हंटच्या साईटवर प्रत्येक पिचचा असतो, फुकट. जो माणूस मे महिन्यात ९७ मैलाने टाकत होता तो आता ९४ वर आलाय आणि वॉक्स (चार चुकीच्या बॉलवर बॅटरला फुकट बेस) वाढलेत, तर हा थकवा आहे किंवा कुठेतरी दुखतंय, आणि दोन आठवड्यात टीम त्याला १५ दिवसांच्या इंज्युअर्ड लिस्टवर टाकेल तेव्हा तुम्हाला आश्चर्य वाटणार नाही. बुलपेनचं पण तसंच, मागच्या तीन-चार दिवसांचे बॉक्स स्कोअर उघडा आणि तेच दोन-तीन रिलीव्हर परत परत येतायत का बघा. स्टार्टर पाचव्या इनिंगच्या पुढे जात नाहीत, मग बुलपेन रोज चार इनिंग टाकतं, मग क्लोजर (शेवटच्या इनिंगचा पिचर) सलग तिसऱ्या दिवशी येतो आणि मार खातो, आणि आपण शिव्या कोणाला घालतो तर क्लोजरला. दोष चार दिवसांपूर्वीच्या स्टार्टरचा असतो! हे एकदा दिसायला लागलं की राग कमी होत नाही पण निदान योग्य माणसावर निघतो.

रागावरून आठवलं, सप्टेंबरमध्ये काही मागण्या करून उपयोगच नसतो त्यामुळे घसा वाचवा. ट्रेड डेडलाईन (खेळाडूंच्या देवाणघेवाणीची शेवटची तारीख) जुलैच्या शेवटी किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला होऊन गेलेली असते. आणि ३१ ऑगस्टपर्यंत जो खेळाडू ऑर्गनायझेशनमध्ये नाही तो प्लेऑफला खेळू शकत नाही, म्हणजे आता कोणाला उचललं तरी तो फक्त हे चार आठवडे टेकू देणार. मायनर्समधून (खालच्या लीगमधून) पोरं आणायची तर रोस्टर (टीमची यादी) २६ वरून २८ होतो, बास, पूर्वीसारखे ४० जण डगआउटमध्ये गर्दी करत नाहीत. उरतं काय, तर लाईनअपची अदलाबदल, ऑफ डे आला की पाचव्या स्टार्टरला वगळून एक नंबरच्या पिचरला लवकर आणणं, आणि मॅनेजरला हाकलणं. शेवटचं वाटतं तेवढं अशक्य नाही, २००८ मध्ये ब्रूअर्सनी १२ मॅचेस शिल्लक असताना नेड योस्टला काढला, डेल स्वेमला बसवला, ७-५ गेले आणि एका गेमने वाईल्ड कार्ड मिळवलं. पण अशी उदाहरणं शोधायला लागतात, त्यामुळे रोज "मॅनेजर बदला" म्हणून बोंबलणं सोडा, आठवड्यातून एकदा पुरे.

शेड्यूल बघताना "पुढचे सहा गेम्स तळाच्या टीमशी आहेत, सोपं आहे" असं कधी म्हणू नका. मी अंधश्रद्धाळू नाही पण म्हणू नका. २००६ मध्ये टायगर्सना शेवटच्या तीन मॅचेस रॉयल्सशी होत्या, घरच्या मैदानावर, तिन्ही हरले आणि डिव्हिजन ट्विन्सकडे गेली. २०११ ची रेड सॉक्स तर सगळ्यांना पाठ आहे, सप्टेंबरच्या सुरुवातीला वाईल्ड कार्डच्या शर्यतीत रेजच्या नऊ गेम्स पुढे, मग त्या महिन्यात ७-२०, आणि २८ सप्टेंबरला शेवटच्या मॅचमध्ये नवव्या इनिंगला दोन आउट, बेसवर कोणी नाही, त्यांचा क्लोजर पॅपलबॉन पिचिंगला, आणि तरी ४-३ ने हरले. कोणाकडून, तर ९३ मॅचेस हरलेल्या ओरिओल्सकडून. काही मिनिटांनी तिकडे रेजनी यँकीजविरुद्ध ०-७ वरून परत येऊन १२ व्या इनिंगला लाँगोरियाच्या होम रनवर मॅच काढली. हरलेल्या टीम्सकडे गमवायला काही नसतं आणि त्यांची नवीन पोरं पुढच्या वर्षीच्या नोकरीसाठी खेळत असतात, हे लक्षात ठेवा.

दुसऱ्यांच्या मॅचेसमध्ये कोणाला सपोर्ट करायचा हा अजून एक गोंधळ. आपल्या पुढे असलेल्या दोन टीम्स एकमेकांशी खेळतायत, एक तर जिंकणारच, मग काय? वाईल्ड कार्डची एकच जागा हाताला लागण्यासारखी असेल तर जी टीम आपल्याला जवळ आहे ती तिन्ही मॅचेस हरू दे अशी प्रार्थना करा, दुसरी गेली पुढे तर जाऊ दे. दोघांनी वाटून घेतलं तर दोघंही थोडे थोडे पुढे सरकतात आणि आपल्या हाती काहीच लागत नाही.

रोज मॅच कशी बघायची यावर माझे दोनच नियम आहेत. विन प्रोबॅबिलिटीचा (जिंकायची शक्यता दाखवणारा) ग्राफ बंद, तो बघून आजवर कोणाचं बीपी कमी झालं नाही. आणि आपल्याकडून बॅटर पिचिंगला आला की टीव्ही बंद. २०२३ पासूनच्या नियमाप्रमाणे हरणारी टीम आठ किंवा जास्त रन्सनी मागे असेल तेव्हाच नॉर्मल नऊ इनिंग्जमध्ये असं करू शकते, म्हणजे मॅनेजरने स्वतःच सोडून दिलंय, तुम्ही कशाला बसताय. पिच क्लॉक (पिचरला बॉल टाकायला ठरलेला वेळ) आल्यापासून मॅच पावणेतीन तासात आटपते पण ९-० मागे असताना तेवढाही वेळ फार आहे, जेवा, झोपा, चालायला जा.

आणि आशा किती ठेवायची? इथे लोक दोन टोकाला जातात. एक गट १९६४ ची फिलीज आणि २००७ ची मेट्स सांगत बसतो, फिलीज १२ मॅचेस राहिल्या असताना साडेसहा गेम्स पुढे होती आणि सलग दहा हरली, मेट्स १७ राहिल्या असताना सात पुढे होती आणि १२ हरली. खरं आहे, असं होतं. पण स्लम्पमध्ये धडपडत आत गेलेल्या टीम्सची यादी कोणी काढत नाही. २००० ची यँकीज शेवटच्या १८ पैकी १५ हरली आणि वर्ल्ड सिरीज जिंकली. २००६ ची कार्डिनल्स सात गेम्सची आघाडी जवळजवळ घालवून ८३-७८ वर कशीबशी आत आली, तीही जिंकली, आणि फायनलला समोर कोण, तर शेवटच्या पाच मॅचेस हरून आलेली तीच टायगर्स. २०२५ ची टायगर्स पण बघा, गार्डियन्स जुलैमध्ये साडेपंधरा गेम्स मागे होते, तरी डिव्हिजन गार्डियन्सनी घेतली, आणि मग पहिल्याच राउंडला टायगर्सनी त्यांनाच त्यांच्या मैदानावर हरवून बाहेर काढलं. म्हणून मी म्हणतो की सप्टेंबरचा फॉर्म बघून ऑक्टोबर ठरवू नका, दार उघडं आहे का एवढंच बघा, आणि दार म्हणजे तो एलिमिनेशन नंबर. प्रत्येक लीगमध्ये सहा जागा आहेत, सहाव्या जागेवरून गेलं तरी आत ते आत, फक्त पहिला राउंड तीन मॅचेसचा आणि सगळ्या समोरच्याच्या घरी.

शेवटच्या रविवारची तयारी आधी करून ठेवा. त्या दिवशी सगळ्या मॅचेस जवळपास एकाच वेळी, ईस्टर्न टाईमनुसार दुपारी तीनच्या सुमारास सुरू होतात, मुद्दाम, म्हणजे कोणालाच आधी निकाल कळू नये. एका स्क्रीनवर आपली मॅच, दुसऱ्यावर ज्यांनी हरायला हवंय त्यांची, आणि घरातल्यांना आधीच सांगून ठेवा की तीन ते सहा तुम्ही माणसात नाही. नंबर त्याच्या आधीच शून्य झाला असेल तर रविवारी फक्त मायनर्समधून आलेल्या पोरांच्या बॅटिंगसाठी बघा, आणि ऑक्टोबरसाठी एखादी टीम दत्तक घ्या. कुठलीही चालेल, फक्त आपली जागा घेणारी सोडून.