विधानसभा मतदारसंघाचा निवडणूक इतिहास कसा तयार करावा: कसबा पेठेच्या उदाहरणासह

मतदारसंघाचा इतिहास म्हणून बहुतेक ठिकाणी आमदारांची यादी दिलेली असते. साल, नाव, पक्ष, झाले. अशी यादी अर्ध्या दिवसात तयार होते, पण तिच्यावरून काढलेले निष्कर्ष हमखास फसतात. पहिल्या आमदाराला ज्या गल्ल्यांनी निवडून दिले, त्या गल्ल्या शेवटच्या आमदाराच्या वेळी त्याच मतदारसंघात असतीलच असे नाही. म्हणून आधी हद्द ठरवा, मग आकडे भरा, मग पक्षांची वंशावळ लावा. विश्लेषणाला हात सगळ्यात शेवटी घाला. उदाहरणासाठी इथे पुण्यातला कसबा पेठ मतदारसंघ (क्र. २१५) घेतला आहे.

हद्दीचे कालखंड पाडा

कोऱ्या कागदावर निवडणुकांची साले लिहा आणि जिथे मतदारसंघांची पुनर्रचना झाली, म्हणजे हद्दी नव्याने आखल्या गेल्या, तिथे जाड रेघ मारा. महाराष्ट्रापुरते कप्पे असे पडतात: १९५२, १९५७, १९६२, मग १९६७ व १९७२ एकत्र, त्यानंतर १९७८ ते २००४ आणि शेवटी २००९ ते २०२४. जागांचा आकडाही हेच सांगतो. १९६२ साली २६४ जागा होत्या, १९६७ आणि १९७२ साली २७० आणि १९७८ पासून २८८.

यातला १९७८ ते २००४ हा कप्पा सर्वांत मोलाचा आहे. १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९५, १९९९ आणि २००४ अशा सात निवडणुका एकाच आखणीवर झाल्या. २००९ पासूनच्या चार निवडणुका २००१ च्या जनगणनेवर बेतलेल्या आखणीवर झाल्या. तुलना कप्प्याच्या आत बिनधास्त करा. रेघ ओलांडायची असेल तर ‘नाव तेच, हद्द बदललेली’ अशी टीप त्याच ओळीत द्या. पानाच्या तळाशी दिलेली टीप कोणी वाचत नाही.

क्रमांकावरून जुना-नवा मतदारसंघ जुळवू नका. २००४ पर्यंत क्रमांक कोकणातून, सावंतवाडीपासून सुरू होत. आता पहिला क्रमांक अक्कलकुव्याचा आणि २८८ वा जतचा आहे. म्हणजे जुन्या यादीतला २१५ आणि आजचा २१५ यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही.

आरक्षणाचा रकाना विसरू नका. पुण्यातच पाहा. २००८ च्या पुनर्रचनेपूर्वी पर्वती अनुसूचित जातींसाठी राखीव होता आणि पुणे कॅन्टोन्मेंट खुला होता. पुनर्रचनेत हे उलटले. त्यामुळे २००४ साली पर्वतीतून निवडून आलेले रमेश बागवे २००९ साली कॅन्टोन्मेंटमधून विधानसभेत गेले. आरक्षणाचा रकाना नसेल तर आमदाराने मतदारसंघ का बदलला हे वाचणाऱ्याला कळणारच नाही, आणि तो त्याचे भलतेच कारण शोधत बसेल. काही मतदारसंघ त्या वेळी पुसलेच गेले. भवानी पेठ आणि बोपोडी ही पुण्यातली दोन नावे. कोथरूड २००९ साली नव्याने आला, त्यामुळे ‘कोथरूडचा १९७८ पासूनचा कल’ असे काही असूच शकत नाही.

हद्द कुठून कुठपर्यंत आहे ते पुनर्रचना आदेशात मिळते. शहरात ती महापालिकेच्या प्रभागांच्या भाषेत, तर ग्रामीण भागात तालुका, महसूल मंडळ आणि सजा (एका तलाठ्याकडची गावे) यांच्या भाषेत दिलेली असते. प्रभाग त्या जनगणनेच्या वेळचे असतात, आजच्या महापालिका निवडणुकीचे नव्हेत. ही गल्लत फार जण करतात.

१९५२ आणि १९५७ साठी वेगळे नियम

१९५२ साली महाराष्ट्र राज्य अस्तित्वात नव्हते. पुण्या-मुंबईचे निकाल मुंबई राज्याच्या निवडणूक अहवालात सापडतील, मराठवाड्याचे हैदराबाद राज्याच्या, तर विदर्भाचे तेव्हाच्या मध्य प्रदेशाच्या अहवालात. १९५७ साली द्वैभाषिक मुंबई राज्याची ३९६ जागांची विधानसभा होती आणि तिच्यात गुजरातचेही मतदारसंघ होते.

या दोन्ही निवडणुकांत द्विसदस्य, म्हणजे दोन आमदार निवडून देणारे, मतदारसंघही होते. तिथे प्रत्येक मतदाराला दोन मते देता येत. सगळ्या उमेदवारांची मते जोडून मतदारसंख्येने भागली तर मतदान शंभर टक्क्यांच्या वर गेलेले दिसते. बेरीज निम्मी करून चालत नाही, कारण काहींनी एकच मत दिलेले असते. अशा मतदारसंघात टक्केवारीचा रकाना कोराच ठेवा आणि उमेदवारांचा फक्त क्रम व मते नोंदवा. ही पद्धत १९६१ च्या कायद्याने बंद झाली.

तक्ता कसा आखावा

एका निवडणुकीला एक ओळ. रकाने: मतदानाची तारीख, सार्वत्रिक की पोटनिवडणूक, हद्दीचा कप्पा, क्रमांक, आरक्षण, एकूण मतदार, झालेले मतदान, वैध मते, बाद मते, नोटा (‘वरीलपैकी कोणीही नाही’ला पडलेली मते), विजेता, अहवालात छापलेला पक्ष, विजेत्याची मते, दुसरा आणि तिसरा उमेदवार व त्यांची मते, मताधिक्य, शेरा. तिसऱ्याचा रकाना कंटाळवाणा वाटतो, पण तिरंगी लढती त्याशिवाय समजत नाहीत.

आकड्यांसाठी भारत निवडणूक आयोगाचे सांख्यिकी अहवाल हा पाया. ते आयोगाच्या संकेतस्थळावर मिळतात. अंक भरताना आंतरराष्ट्रीय आकडे वापरा. देवनागरी अंकांना काही तक्ता-प्रणाली (स्प्रेडशीट) मजकूर समजतात आणि बेरीज शून्य दाखवतात. पीडीएफमधून उचललेल्या आकड्यांत लाखाचा स्वल्पविराम आला तरी हीच अडचण येते.

प्रत्येक ओळीवर दोन तपासण्या करा. सर्व उमेदवारांच्या मतांची बेरीज वैध मतांइतकी आली पाहिजे. वैध, बाद आणि नोटा मिळून झालेल्या मतदानाशी मेळ बसला पाहिजे. बसत नसेल तर आधी टपाली मते पाहा, घोळ बहुधा तिथेच असतो.

मतांची टक्केवारी वैध मतांवर काढा, झालेल्या मतदानावर नव्हे. नोटा महाराष्ट्र विधानसभेला प्रथम २०१४ साली आला. तो कोणत्याही उमेदवाराचे मत नाही आणि अनामत रक्कम जप्त होण्याचा एक षष्ठांशाचा हिशेब करतानाही धरला जात नाही. बाद मतांचा रकाना २००४ पासून एकदम आटतो, कारण त्या वर्षी सगळीकडे मतदान यंत्रे आली. त्यावरून मतदार सुधारले असा अर्थ काढू नका. मतपत्रिका गेली, एवढेच.

१९८५ ते १९९० दरम्यान मतदारसंख्येत मोठी उडी दिसेल. मतदानाचे वय २१ वरून १८ वर आले आणि १९८९ पासून ते लागू झाले. वस्ती वाढली असा शेरा मारण्याआधी हे वजा करावे लागते.

पोटनिवडणुका: सर्वांत जास्त चुका इथेच

सार्वत्रिक निवडणुकीच्या अहवालात पोटनिवडणुका नसतात. फक्त अहवालांवरून तक्ता केला तर मधले आमदार गळतात. कसब्यात १९९० साली अण्णा जोशी निवडून आले आणि १९९१ साली लोकसभेवर गेले. मग झालेल्या पोटनिवडणुकीत काँग्रेसचे वसंत थोरात जिंकले आणि गिरीश बापट हरले. ही ओळ सुटली तर कसबा १९९० पासून अखंड भाजपकडे होता असे वाटते. प्रत्यक्षात बापटांची सलग पाच विजयांची मालिका १९९५ पासून सुरू होते.

दुसरी बाजूही नोंदवा. मे २०१९ मध्ये बापट लोकसभेवर गेल्यावर कसब्याची जागा रिकामी झाली, पण पोटनिवडणूक झाली नाही. उरलेला कार्यकाळ एक वर्षापेक्षा कमी असेल तर ती घ्यावी लागत नाही. असा काळ तक्त्यात ‘रिक्त’ म्हणून दाखवा.

निवडणूक न्यायालयात रद्द झाली असेल तर तीही शेऱ्यात यावी. विलेपार्ल्याच्या १९८७ च्या पोटनिवडणुकीत रमेश प्रभू जिंकले, उच्च न्यायालयाने १९८९ साली ती निवड रद्द ठरवली आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली तो निर्णय कायम ठेवला. निकालाच्या कागदावर मात्र विजेता म्हणून त्यांचेच नाव राहते.

पक्षांची वंशावळ

पक्षासाठी दोन रकाने ठेवा. एकात अहवालात छापलेले नाव जसेच्या तसे आणि दुसऱ्यात तुम्ही लावलेला धागा. कसब्यातून अरविंद लेले १९७८ साली जनता पक्षाचे, १९८० साली भाजपचे म्हणून निवडून आले. पक्षाचे नाव बदलले, पण जनसंघापासूनचा धागा एकच. १९७८ साली दोन काँग्रेस एकमेकांविरुद्ध लढल्या, त्यांची मते एकत्र करून ‘काँग्रेस’ असे लिहिणे चूक आहे. १९५७ च्या अहवालात संयुक्त महाराष्ट्र समिती पक्ष म्हणून शोधू नका. समितीचे उमेदवार प्रजासमाजवादी, शेतकरी कामगार पक्ष, कम्युनिस्ट अशा आपापल्या नावांखाली विखुरलेले आहेत. १९८५ च्या अहवालात शिवसेनेचे उमेदवार बहुधा अपक्षांत सापडतात. २०२४ साठी दोन शिवसेना आणि दोन राष्ट्रवादी वेगळ्या ओळींतच राहू द्या.

कोण कोणत्या आघाडीत होते हे अहवाल सांगत नाही. त्यासाठी त्या आठवड्यांतली वृत्तपत्रे चाळावी लागतात. पुण्यासाठी ‘केसरी’ आणि ‘सकाळ’च्या जुन्या फायली सर्वांत उपयोगी.

आता आकडे वाचा

कसब्याचा २००९ नंतरचा कप्पा असा आहे. २००९: बापट ५४,९८२, मनसेचे रवींद्र धंगेकर ४६,८२०, मताधिक्य ८,१६२. २०१४: बापट ७३,५९४, काँग्रेसचे रोहित टिळक ३१,३२२, मताधिक्य ४२,२७२. २०१९: भाजपच्या मुक्ता टिळक ७५,४९२, काँग्रेसचे अरविंद शिंदे ४७,२९६, मताधिक्य २८,१९६. मुक्ता टिळक यांचे डिसेंबर २०२२ मध्ये निधन झाले. २६ फेब्रुवारी २०२३ च्या पोटनिवडणुकीत धंगेकर, तेव्हा काँग्रेसचे, ७३,३०९ आणि भाजपचे हेमंत रासने ६२,३९४, मताधिक्य १०,९१५. २०२४: रासने ९०,०४६, धंगेकर ७०,६२३, मताधिक्य १९,४२३.

फक्त मताधिक्य पाहिले तर २०१४ हे भाजपचे सर्वांत भक्कम वर्ष ठरते. पण त्या वर्षी चारही मोठे पक्ष स्वतंत्र लढले, म्हणजे विरोधातली मते फुटलेली होती. २०१९ साली मताधिक्य घटले, तरी विजेत्याची मते १,८९८ ने वाढलीच.

२०२३ आणि २०२४ ची जोडी तर हा अभ्यास का करावा याचे उत्तम उदाहरण आहे. धंगेकर हरले, पण त्यांची मते अवघी २,६८६ ने कमी झाली. रासने यांची २७,६५२ ने वाढली. निकाल फिरला तो पोटनिवडणुकीला न आलेल्या आणि २०२४ साली आलेल्या मतदारांमुळे, असे हे आकडे सुचवतात. धंगेकरांचा मतदार मोठ्या प्रमाणात फुटला असे म्हणायला यात आधार नाही. पण खात्री एकूण आकड्यांवरून होत नाही, त्यासाठी केंद्रनिहाय मते लागतात.

एक सावधगिरी: निकालाच्या संध्याकाळच्या बातम्यांतले आकडे तक्त्यात घेऊ नका. २०२३ च्या कसबा निकालाच्या दिवशी अकरा हजारांवरचे मताधिक्यही बातम्यांत आले होते. अंतिम पत्रकाची वाट पाहा.

केंद्रनिहाय काम

केंद्रनिहाय मते नमुना २० मध्ये मिळतात. प्रत्येक मतदान केंद्रावर प्रत्येक उमेदवाराला किती मते पडली याचे हे अंतिम पत्रक. मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर अलीकडच्या निवडणुकांची पत्रके असतात. नसल्यास जिल्हा निवडणूक कार्यालयाकडे माहिती अधिकारात मागा. अर्जात निवडणुकीचे वर्ष, मतदारसंघाचा क्रमांक आणि ‘नमुना २०’ हे तिन्ही लिहा, नाहीतर विजेत्यांची यादी हातात पडते.

केंद्र क्रमांक दर निवडणुकीला सरकतात. ८५ व्या केंद्राची ८५ व्या केंद्राशी तुलना करू नका. त्या-त्या वर्षीची मतदान केंद्रांची यादी सोबत घ्या, शाळेच्या इमारतीवरून आणि यादीभागाच्या (त्या केंद्राला जोडलेल्या मतदार यादीच्या भागाच्या) वर्णनावरून केंद्रे जुळवा आणि मग पेठेनुसार बेरीज करा. एकाच शाळेत सहा-सात केंद्रे असतात, तेव्हा खोलीनिहाय जुळवणीचा हट्ट सोडून इमारत हाच घटक धरा. टपाली मते कोणत्याच पेठेत टाकू नका, त्यांची ओळ वेगळी ठेवा.