‘पोट साफ व्हत नही’ म्हणून अंगावर काढता? या चुका टाळा

खान्देशात तब्येतीची चौकशी सुरू झाली की गाडी पोटावर येतेच. ‘पोट साफ व्हत नही’ हे धुळ्यापासून रावेरपर्यंत कुठल्याही ओट्यावर ऐकू येतं आणि लगेच चार जण चार चूर्णं सुचवतात. ‘शौचातून रक्त पडतंय’ असं मात्र त्या ओट्यावर कुणी बोलत नाही. दवाखान्यातही ते निघता निघता, दाराशी सांगितलं जातं. बोलायचं कशाबद्दल आणि गप्प कशाबद्दल राहायचं, इथेच आपली गफलत होते.

रोज सकाळी झालंच पाहिजे, हा हट्ट

दिवसातून 3 वेळा ते आठवड्यातून 3 वेळा, यात बसणारं काहीही निरोगी माणसाचं असू शकतं. शेजारच्याला चहा घेतल्याबरोबर होतं म्हणून तुम्हालाही व्हायलाच हवं असं नाही. तुलना करायची ती स्वतःच्या नेहमीच्या सवयीशी. वर्षानुवर्षं एक दिवसाआड जाणाऱ्याला दिवसातून चारदा जावं लागतंय, नेहमी बांधून होणाऱ्याला कडक लेंड्या पडताहेत, किंवा जाऊन आल्यावरही ‘अजून आहे’ असं वाटतंय आणि हे तीन आठवडे चाललंय, तर हा बदल डॉक्टरांच्या कानावर घाला.

आखाजीला आमरस-पुरणपोळी हाणली, भरीत पार्टीत मिरचीचा अंदाज चुकला, शेवभाजीच्या तर्रीने दुसऱ्या दिवशी इंगा दाखवला, तर दोन दिवसांत गाडी रुळावर येते. त्यासाठी घाबरायचं कारण नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 च्या आसपास जातो, घामात पाणी निघून जातं आणि मळ कडक होतो. तिथे चूर्णाआधी पाण्याचा तांब्या बघावा. कापूस वेचायला गेलेल्या बायका आडोसा नाही म्हणून दिवसभर कळ दाबतात, पाणीही कमी पितात. मळ जितका वेळ आत राहतो तितकं आतडं त्यातलं पाणी शोषत राहतं. हे बद्धकोष्ठ औषधाने कितीसं हटणार?

चूर्णावर चूर्ण

बाजारातल्या बऱ्याच चूर्णांत सोनामुखी असते. चार दिवस घेतली तर ठीक. पण महिनोन् महिने, एका चमच्याचे दोन करत, कारण न शोधता घेत राहणं चूक. इसबगोलची तऱ्हा वेगळी. ते पाणी पिऊन फुगतं, म्हणून पेलाभर पाण्यात कालवून लगेच प्यायचं आणि वरून आणखी पाणी घ्यायचं. कोरडं तोंडात टाकून घोटभर पाणी घेतलं तर ते घशात किंवा आतड्यात अडकू शकतं. पोटात जोराची कळ असताना एरंडेल पाजणं तर सरळ धोक्याचं. आतडं अडलेलं असेल किंवा अपेंडिक्स सुजलेलं असेल तर जिवावर बेतू शकतं.

‘मूळव्याधच असेल’

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. लालभडक रक्त, थेंब थेंब, मळाच्या वरून आलेलं, हे बहुतेकदा मूळव्याधीचं किंवा गुदद्वाराच्या चिरेचं असतं, खरं आहे. पण गुदाशयातल्या कॅन्सरचं रक्तही असंच दिसू शकतं. आणि आधीपासून मूळव्याध असली म्हणजे दुसरं काही होत नाही, असा नियम नाही. डॉक्टर हातमोजा घालून बोटाने तपासतात, मिनिटभराचं काम असतं. गरज पडली तर दुर्बिणीची तपासणी सांगतात. हे टाळायला माणसं ‘विना ऑपरेशन हमखास’ अशा पाट्यांमागे जातात आणि पदवीचा पत्ता नसलेल्या माणसाकडून नाजूक जागी इंजेक्शन टोचून घेतात. माझ्या मते या पाटीएवढं नुकसान कुठल्याच शेवभाजीने केलेलं नसेल.

वय पन्नाशीकडे झुकलेलं, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर झालेला, वजन आपोआप उतरतंय, हिमोग्लोबिन कमी निघालंय, अशा वेळी थांबू नका. पुरुषाचं हिमोग्लोबिन कमी आलं की लोहाच्या गोळ्या सुरू होतात, पण रक्त कुठे जातंय हे विचारायचं राहून जातं. तरुणांनीही ‘माझं काय वय आहे’ म्हणून रक्ताकडे डोळेझाक करू नये.

रंगाचीही गल्लत होते. लोहाच्या गोळ्यांनी मळ काळपट होतो, बिटाने लालसर होतो. त्यात काही नाही. पण गुडघेदुखीच्या गोळ्या रोज चालू आहेत आणि मळ डांबरासारखा काळा, चिकट, उग्र वासाचा झालाय, तर जठरातून रक्त येत असू शकतं. त्याच दिवशी दवाखाना गाठा. मळ पांढुरका, लघवी गडद आणि डोळे पिवळे असतील तर काविळीच्या माळेवर विसंबू नका.

पातळ होतंय म्हणून लगेच ‘बंद’ करणं

अंथरुणाला खिळलेल्या आजोबांना आठ दिवस नीट झालेलं नसतं आणि अचानक धोतर पातळ मळाने भरायला लागतं. घरचे जुलाब थांबवायची गोळी देतात. प्रत्यक्षात खाली कडक खडा अडकलेला असतो आणि त्याच्या बाजूने पाणी पाझरत असतं. गोळीने अडचण वाढते. अशा वेळी आधी तपासणी हवी.

ताप आणि रक्त-आव असेल तर जुलाब थांबवायची गोळी मनाने घेऊच नये. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण 1 लिटर पाण्यात एकदम कालवायचं. पेल्यात अर्धं-पाव टाकलं की मिठाचं प्रमाण बिघडतं. लहान मुलांना सोबत 14 दिवस झिंक देतात. जुलाब थांबले तरी ते पूर्ण करायचं. दोन्ही गोष्टी आशाताईंकडे मिळतात.

पोट फुगलंय, वारा सरत नाही, उलट्या होताहेत, किंवा रक्त भरपूर गेलंय आणि चक्कर येतेय, तर घरी वाट बघायची नाही. 108 ला फोन करा.

एरवी दवाखान्यात जाताना चालू गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या सोबत न्या. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनने पातळ होऊ शकतं, लोहाने आणि कॅल्शियमने घट्ट. बदल कधीपासून, दिवसातून किती वेळा, रात्री झोपेतून उठून जावं लागतं का, रक्त मळात मिसळलेलं की वरून, एवढं ठरवून जा. बोलायची लाज वाटत असेल तर हेच चिठ्ठीवर लिहून टेबलावर ठेवा, पण दाराशी पोचेपर्यंत थांबू नका.