लेह ते पोर्ट ब्लेअर: दिल्लीतली रात्र आधी धरा

आमच्या सोसायटीतल्या वरच्या मजल्यावरच्या वहिनींच्या जावयाची लेहहून पोर्ट ब्लेअरला (आता अधिकृत नाव श्री विजयपुरम) बदली झालीय. सामान आवरायला वहिनी आणि भाऊ ठाण्याहून लेहला जाऊन तिथूनच पुढे लेकीसोबत निघणार. गेल्या वर्षी हाच प्रवास करताना आम्ही मोठा घोळ घातला, म्हणून हे लिहून देतेय. इतर कुणाला उपयोगी पडलं तर बरंच.

वहिनी, आधी अंतराचं. नेटवर लेह ते पोर्ट ब्लेअर सुमारे २,९४० किलोमीटर आणि विमानाला चार तास असं दिसतं. ते नकाशावर दोरी ताणून मोजलेलं अंतर आहे. ताशी ८०० किलोमीटरने भागायचं, चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवायचा, एवढाच तो हिशोब. असं थेट विमान नाहीच. दिल्लीवरून गेलं तर लेह-दिल्ली ६२० आणि पुढे २,४८५. अंतर जेमतेम १६५ किलोमीटरने वाढतं, पण प्रवास चार तासांचा राहत नाही. दिल्लीत एक रात्र धरा.

का, तेही सांगते. लेहची धावपट्टी सुमारे १०,७०० फुटांवर, चहूबाजूंनी डोंगर. ऊन चढलं की दरीत वारा सुटतो, हवा विरळ असल्याने विमानाला जोर कमी पडतो, म्हणून बहुतेक विमानं सकाळीच सुटतात. सकाळीच ढग उतरले तर उशीर, नाहीतर सरळ दुसरा दिवस. आम्ही दोन वेगळी तिकिटं काढून दिल्लीत फक्त अडीच तास ठेवले होते. लेहहून निघायलाच तीन तास उशीर झाला. पुढचं तिकीट बुडालं. तीन वर्षांची नात लोकरीच्या कोटातच विमानतळाच्या खुर्चीवर माझ्या मांडीत झोपली, आणि तिच्या एका पायातला मोजा रात्रीत कुठे पडला ते सकाळी कळलं. दिल्लीत रात्र धराच. तिकीट एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंगमध्ये, मिळालं तर उत्तमच, पण तरीही रात्र धरा. वेगळी तिकिटं असली की पहिल्या विमानाच्या उशिराची भरपाई दुसरी कंपनी देत नाही.

ठाण्याहून निघताना तिकिटावर विमानतळ कोणता लिहिलाय ते वाचा, मुंबईचा सहार की नवी मुंबईचा उलवे. नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर २०२५ पासून सुरू आहे आणि दोन्हीकडचे रस्ते अगदी वेगळे. घोडबंदरचा ट्रॅफिक तुम्हाला माहीतच आहे.

लेहला उतरल्यावर पहिले दोन दिवस खोक्यांना हात लावू नका. नुसतं पडून राहा, पाणी प्या. भाऊंना बीपी आहे, डॉक्टरांना जायच्या आधी विचारा, तिथे जाऊन नाही.

पॉवर बँक हातातल्या बॅगेत. ओळखपत्रं सगळ्यांची, लहान मुलांचीसुद्धा. सुती कपड्यांचा एक जोड हातातल्या बॅगेत सगळ्यात वर, कारण पोर्ट ब्लेअरला उतरताच घामाने भिजायला होतं. हिवाळ्यात तिथे पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा क्वार्टरची किल्ली कुणाकडे आहे ते आधीच विचारून ठेवा. हॅवलॉक बेटाची (आता स्वराज द्वीप) बोट त्या दिवशी नको.

बाकीचं तुम्हाला कळतं. दिल्लीचं हॉटेल ठरलं का, तेवढं आज रात्री फोन करून सांगा.