तोलेदोची वॉकिंग टूर: या चुका टाळा

स्पेनमध्ये माद्रिदला जाणारे बहुतेक लोक जवळचं तोलेदो एका दिवसात उरकतात. हरकत काहीच नाही, पण दिवसाचं गणित चुकलं की दोन तासांची वॉकिंग टूर म्हणजे गाइडच्या छत्रीमागे नुसती धावपळ. आणि निम्मा घोळ टूर सुरू व्हायच्या आधीच झालेला असतो.

पहिली चूक गाडीच्या वेळेची. माद्रिदच्या आतोचा स्टेशनवरून ट्रेन अर्ध्या तासात तोलेदोला पोहोचते, म्हणून लोक साडेदहाच्या टूरसाठी सव्वादहाला उतरणारी गाडी घेतात. तोलेदोचं स्टेशन जुन्या गावात नाही, ताहो नदीच्या पलीकडे आहे. आल्कांतारा पूल ओलांडून सोकोदोवेर चौकात, म्हणजे बऱ्याचशा टूर निघतात तिथे, पोहोचायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि शेवटचा टप्पा सगळा चढाचा. त्यात १९१९ सालची ती स्टेशनची इमारतच इतकी देखणी, की फोटो काढताकाढता दहा मिनिटं जातात. टूरच्या आधी निदान तासभर हाताशी ठेवा. बरोबर आईबाबा असतील तर पायी चढायच्या भानगडीत पडू नका, स्टेशनबाहेरून बस धरा. माद्रिदहून बसनेच आलात तर बस स्टँडजवळच्या साफोंत भागातून सरकते जिने चौकाजवळ नेऊन सोडतात.

परतीचं तिकीट "संध्याकाळी बघू" म्हणून ठेवलं तर शनिवार-रविवारी फजिती ठरलेली. या गाड्यांना आरक्षण लागतं आणि त्या भरतात. तशी वेळ आलीच तर घाबरू नका, माद्रिदच्या प्लासा एलिप्तिकाला जाणारी बस पकडा. वेळ जास्त जाईल, पण तिथून पुढे मेट्रो आहे.

वार कोणता हेही बघा. सोमवारी चित्रकार एल ग्रेकोचं संग्रहालय आणि त्रान्सितो सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं जुनं प्रार्थनास्थळ (आत सेफार्दी, म्हणजे स्पेनमधल्या ज्यूंचं संग्रहालय), बंद असतं. रविवारी सकाळी कॅथेड्रलमध्ये प्रार्थना असते, पर्यटकांना दुपारी सोडतात. मंगळवार ते शनिवार सगळ्यात सोयीचे.

"फ्री टूर" या नावाला भुलू नका. शेवटी टिप अपेक्षित असते, साधारण माणशी दहा युरो धरून चाला. दुसरं म्हणजे अशा टूर सहसा इमारती बाहेरूनच दाखवतात. आत जायचं तर तिकीट वेगळं. बुकिंग करताना "प्रवेश समाविष्ट" आहे का, तेवढं वाचून घ्या. सात वास्तूंसाठी एकत्र तिकीट म्हणून मनगटी पट्टा मिळतो. सान्तो तोमे, सान्ता मारिया ला ब्लांका, सान हुआन दे लोस रेयेस त्यात येतात, कॅथेड्रल मात्र येत नाही. काउंटरवर वाद घालणारे हमखास इथेच फसलेले असतात.

माझं स्पष्ट मत: टूर सकाळी घ्या आणि आत जाणं दुपारनंतर स्वतःच्या गतीने करा. सान्तो तोमे चर्चमध्ये एल ग्रेकोचं 'काउंट ऑर्गाझचं दफन' आहे, १५८६ ते १५८८ मध्ये रंगवलेलं, जवळजवळ पाच मीटर उंच. लोक वरचा स्वर्ग बघतात, फोटो काढतात, निघतात. तुम्ही खाली डावीकडे उभ्या असलेल्या लहान मुलाकडे बघा. तो चित्रकाराचा मुलगा होर्हे मान्युएल. त्याच्या खिशातून डोकावणाऱ्या रुमालावर १५७८ हे साल आहे, त्याच्या जन्माचं. तसंच सान हुआन दे लोस रेयेसच्या बाहेरच्या भिंतीवर साखळ्या टांगलेल्या दिसतील. ग्रानादाच्या मुस्लिम राज्याविरुद्धच्या मोहिमेत सोडवलेल्या ख्रिस्ती कैद्यांच्या बेड्या आहेत त्या.

गाइडला प्रश्न न विचारणं ही आपली खास सवय. एक विषय मी सुचवतो: इथले अनुवादक. अरबी ग्रंथ लॅटिन आणि कॅस्टिलियनमध्ये (म्हणजे स्पॅनिशमध्ये) आणण्याचं मोठं काम या शहरात झालं. तोलेदोतच १२२१ साली जन्मलेल्या राजपुत्र अल्फोन्सोच्या (पुढे राजा अल्फोन्सो दहावा) आश्रयाने, तो राजा होण्याआधी, 'कलिला आणि दिमना' कॅस्टिलियनमध्ये आलं. म्हणजे आपलंच पंचतंत्र, अरबी वाटेने गेलेलं. हे विचारलं की गाइडचा पाठ केलेला ठेका मोडतो आणि गप्पा रंगतात.

गटातून मागे पडलात तर मोबाइलच्या नकाशावर फार विसंबू नका. गल्ल्या इतक्या अरुंद की निळा ठिपका भलत्याच गल्लीत उड्या मारतो. त्यापेक्षा सुरुवातीलाच पुढचे थांबे आणि टूर कुठे संपणार ते विचारून ठेवा. अनेक टूर ज्यू वस्तीत संपतात, म्हणजे स्टेशनच्या नेमक्या विरुद्ध टोकाला.

चप्पल नको, गोट्यांच्या फरसबंदीवर पाय मुरगळतो. जुलै-ऑगस्टमध्ये पारा पस्तिशीच्या पुढे सहज जातो, तेव्हा सकाळचीच टूर. शाकाहारी असाल तर 'कार्कामुसास' हा डुकराच्या मांसाचा रस्सा आहे हे लक्षात असू द्या, आणि साध्या सॅलडमध्येही ट्यूना निघू शकतो. मझापान मात्र बिनधास्त घ्या, बदाम-साखरेचा असतो. अंडं चालत नसेल तर तेवढं विचारा.

तलवारीच्या दुकानांत हात आवरता घ्या. तोलेदोचं पोलाद जुनं नावाजलेलं, मन होणारच. पण विमानात हातातल्या सामानात शोभेची कट्यारही नेऊ देत नाहीत. चेक-इन बॅग नसेल तर सोन्याची तार ठोकून नक्षी केलेली दामास्किनादोची कर्णफुलं घ्या.