दिल्लीची ग्रँट आणि गोव्याची चवथ: बाहेरचा संशोधन निधी कसा शोधावा, कसा मागावा

माझा पहिला अर्ज एका शिक्क्यापायी बाद झाला. अर्जाची शेवटची तारीख नेमकी चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आठवड्यात आली होती. सगळे लिहून तयार होते, राहिले होते ते फक्त संस्थाप्रमुखांचे एण्डॉर्समेंट, म्हणजे ‘हा प्रकल्प आमच्या संस्थेत होईल, आम्ही जागा आणि सोयी देऊ’ असे सही-शिक्क्याचे पत्र. प्राचार्य काणकोणला मूळ घरी गेलेले. मी गाडी काढून तिथे पोचलो. त्यांनी गणपतीवरच्या फळाफुलांच्या माटोळीखाली बसून आनंदाने सही केली, वर नेवऱ्याही खाऊ घातल्या. शिक्का मात्र कॉलेजच्या कपाटात आणि कपाटाची किल्ली शिपायाच्या घरी, गोव्याच्या दुसऱ्या टोकाला पेडण्यात. शिक्क्याविना पत्र अपलोड केले आणि छाननीतच अर्ज बाहेर पडला. आतल्या वीस पानांवर कोणाची नजरही गेली नसणार.

तेव्हापासून मी उलट्या टोकाने सुरुवात करतो: आधी कागद, मग पैसे, मग कल्पना. गोव्यातल्या कॉलेजात किंवा विद्यापीठात शिकवता शिकवता ज्यांना बाहेरचा निधी आणायचा आहे, त्यांच्यासाठी ही वाट सांगतो.

आधी आपण कोण ते बघा

निधी कुठे आहे हे विचारण्याआधी आपल्याला तो मागता येतो का ते तपासा. केंद्र सरकारच्या बहुतेक योजनांत मुख्य संशोधक कायम नोकरीत असावा लागतो आणि प्रकल्प संपेपर्यंत त्याची नोकरी शिल्लक असावी लागते. आपल्याकडे कॉन्ट्रॅक्ट बेसिस, लेक्चर बेसिसवर वर्षानुवर्षे शिकवणारे कितीतरी जण आहेत. त्यांनी या योजनांच्या अर्जात महिना घालवू नये. कायम शिक्षकाबरोबर सहसंशोधक व्हावे, नाहीतर व्यक्तीला थेट पैसे देणाऱ्या संस्थांकडे वळावे.

पूर्वी यूजीसीचा मायनर रिसर्च प्रोजेक्ट मिळायचा. कॉलेजातल्या निम्म्या लोकांनी संशोधनाची धुळाक्षरे त्यावरच गिरवली. ती वाट आता बुजली आहे. जुन्या सहकाऱ्यांचा सल्ला ऐकताना एवढे लक्षात ठेवा, कारण ते अजून त्याच हिशेबाने बोलतात.

कुठे शोधायचे

विज्ञानासाठी आजचे मुख्य दार म्हणजे अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन, बोलीत एएनआरएफ. २०२३ च्या कायद्याने ते उभे राहिले आणि संशोधनाला निधी देणारे जुने सरकारी मंडळ एसईआरबी त्यात विलीन झाले. नव्याने नोकरीला लागलेल्यांसाठी त्यांची पंतप्रधान अर्ली करिअर रिसर्च ग्रँट आहे, ३ वर्षांसाठी ६० लाखांपर्यंत, आणि ओव्हरहेड, म्हणजे संस्थेला मिळणारा वरखर्च, वेगळे. जैवतंत्रज्ञान असेल तर डीबीटी, वैद्यकाचे असेल तर आयसीएमआर, समुद्राचे किंवा हवामानाचे असेल तर पृथ्वी विज्ञान मंत्रालय. समुद्राच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत. दोनापावलाला १९६६ मध्ये स्थापन झालेली समुद्रविज्ञानाची एनआयओ आहे, वास्कोला ध्रुवीय संशोधनाचे एनसीपीओआर आहे, जुन्या गोव्याला आयसीएआरची किनारी शेतीची संस्था आहे. तिथला एक सहसंशोधक घेतला की उपकरणांचा अर्धा प्रश्न सुटतो. शिवाय ‘तुमच्याकडे हे यंत्र आहे का?’ या परीक्षकाच्या प्रश्नाला अर्जातच उत्तर मिळते.

समाजशास्त्र, अर्थशास्त्र, शिक्षण या विषयांना आयसीएसएसआर, म्हणजे सामाजिक शास्त्रांची केंद्रीय परिषद. तिचे पश्चिम विभागीय केंद्र मुंबईत कलिन्याला आहे आणि गोवा त्याच्याच कक्षेत येतो. परिसंवादासाठी निधी हवा असेल तर दिल्लीआधी तिथे विचारा. इतिहासाला आयसीएचआर.

मराठी-कोंकणीवाल्यांनी मात्र सरकारी यादीपाशी थांबू नये. बंगळुरूचे इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स कलाविषयक संशोधनाला पैसे देते आणि तिथे प्रस्ताव आपल्या भाषेत लिहिता येतो. जागर, दशावतार, धालो या लोककलांवर काम करणाऱ्याला इंग्रजीत कसरत करावी लागत नाही, ही काही लहान गोष्ट नव्हे. देवळांत आणि जुन्या घरांत मोडी दफ्तरे कुजत पडली आहेत. त्यांच्या डिजिटायझेशनसाठी ब्रिटिश लायब्ररीचा एंडेंजर्ड आर्काइव्हज प्रोग्रॅम २००४ पासून आहे. पण तो कागद वाचवायला पैसे देतो, त्यांवर पुस्तक लिहायला नाही. हा फरक न कळल्यामुळे चांगले अर्ज फुकट जातात. पोर्तुगीज काळावर काम असेल तर फुंदासांव ओरिएंतचे कार्यालय पणजीतच आहे, चालत जाऊन विचारता येते.

रोज शोधत बसू नका. आपल्या विषयाच्या चार-पाच संस्था निवडा, त्यांच्या संकेतस्थळांवर दर सोमवारी दहा मिनिटे डोकवा आणि गेल्या दोन वर्षांच्या जाहिराती कुठल्या महिन्यात निघाल्या ते वहीत टिपून ठेवा. तारखा दर वर्षी तंतोतंत जुळत नाहीत, पण साधारण हंगाम कळतो.

जाहिरात वाचा, पेन्सिल घेऊन

जाहिरात छापून घ्या आणि तीन गोष्टींखाली रेघ मारा: ते कशाला पैसे देतात, कशाला देत नाहीत, आणि कोणाच्या सह्या लागतात. बाकीचे नंतर वाचले तरी चालते. ‘देत नाहीत’ हा भाग बहुधा तळाशी बारीक अक्षरात असतो. लॅपटॉप नाही, परदेशप्रवास नाही, बांधकाम नाही, असे काही. तुमच्या प्रकल्पाचा कणाच त्यात बसत असेल तर ती जाहिरात सोडून द्या. योजनेसाठी प्रकल्प वाकवला की तीन वर्षे नको असलेले काम करत बसावे लागते.

त्याच दिवशी अकाउंट्स सेक्शनला जा. प्रस्तावाची एक ओळही लिहिण्याआधी. आमच्या अकाउंट्समधल्या बाईंना मी एकदा अंदाजपत्रक दाखवले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, एका आकड्यावर बोट ठेवले आणि म्हणाल्या, “सर, हें ऑडिटांत चलचें ना.” होडीचे भाडे मी कंटिन्जन्सीत, म्हणजे किरकोळ खर्चात, घातले होते. ते प्रवासात हवे होते. मंजुरीनंतर एका शीर्षाखालचे पैसे दुसऱ्यात वळवायचे तर दिल्लीची परवानगी लागते, हे मला तोपर्यंत कोणी सांगितले नव्हते.

अंदाजपत्रक: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

उदाहरण खाजनाचे घेऊ. खाजन म्हणजे बांध घालून भरतीच्या पाण्यापासून सोडवलेली शेती. पाणी आत-बाहेर सोडायला मानस, आणि त्या खारट जमिनीत तग धरणारे कोरगूट भात. समजा, मानशीची दारे कुजल्यावर कुणग्यांत, म्हणजे शेताच्या तुकड्यांत, किती मीठ चढते हे मांडवीतल्या चोडण आणि दिवाडी बेटांवर ३ वर्षे मोजायचे आहे.

आधी माणूस. प्रकल्पाला एक जेआरएफ, म्हणजे ज्युनिअर रिसर्च फेलो, लागेल. केंद्राच्या विज्ञान विभागांत १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफला महिना ३७,००० आणि एसआरएफला, म्हणजे सिनिअरला, ४२,००० रुपये आहेत. पहिली दोन वर्षे ४,४४,००० प्रमाणे, तिसऱ्या वर्षी पदोन्नती धरून ५,०४,०००. एकूण १३,९२,०००, आणि त्यावर घरभाडे भत्ता. भत्त्याची टक्केवारी गावाच्या वर्गावर ठरते, ती अकाउंट्समधूनच घ्या, मनाने टाकू नका. हेच आकडे आयसीएसएसआरला लावू नका, तिथले दर निराळे.

मग प्रवास. पाण्याचे नमुने भरती-ओहोटीच्या वेळेला घ्यावे लागतात आणि ती वेळ रोज सरकते. म्हणजे कधी पहाटे पाचला रायबंदरच्या फेरीधक्क्यावर उभे राहायचे, कधी रात्री. ‘स्थानिक प्रवास: ५०,०००’ असे लिहिले की परीक्षक निम्मे कापतो. ‘महिन्यातून ४ फेऱ्या, प्रत्येकीला गाडी एक दिवस आणि होडी ३ तास, ३६ महिने’ असे लिहिले की त्याला कात्री कुठे लावावी ते सुचत नाही. होडीवाल्याकडे छापील पावती नसते, म्हणून कोऱ्या पावतीपुस्तकाचा विचार आधीच करून ठेवा. रक्कम ५,००० च्या वर गेली की रेव्हेन्यू स्टॅम्पवर सही लागते. मोटारसायकल पायलटची, म्हणजे दुचाकी टॅक्सीवाल्याची, पावती मी अजून पाहिलेली नाही.

उपकरणांचे दर अंदाजाने देऊ नका, कोटेशन मागवा. आणि ओव्हरहेड विसरू नका. ते संस्थेला मिळतात, आणि संस्थाप्रमुखाला तुमच्या अर्जात रस वाटावा असे तेच एक कारण असते.

पहिला परिच्छेद

तुमचा परीक्षक बहुधा गोव्याचा नसतो. त्याच्या डोळ्यांपुढे गोवा म्हणजे समुद्रकिनारा. मी पहिल्या मसुद्यात लिहिले होते: ‘खाजन हा गोव्याचा अमूल्य पर्यावरणीय वारसा असून त्याचे जतन काळाची गरज आहे.’ या वाक्यावर पैसे कोण देईल? ते सभेत अध्यक्षांनी बोलायचे वाक्य आहे. नंतर ते असे केले: ‘मानशीचे दार कुजले की भरतीचे पाणी कुणग्यांत शिरते. कोरगूट मीठ सोसते, पण पेरणीनंतर कितव्या आठवड्यात, किती? आम्ही २ गावांतल्या १२ कुणग्यांत, दार दुरुस्त होण्याआधी आणि नंतर, दर पंधरवड्याला क्षारता मोजणार आहोत.’ यात प्रश्न आहे, जागा आहे, आकडा आहे. पुढची दहा पाने याच तीन-चार ओळी सोडवून सांगतात.

अर्ज इंग्रजीत भरायचा असला तरी हा परिच्छेद आधी मराठीत लिहून घरातल्या कोणाला तरी वाचून दाखवा. माझ्या आईने ‘म्हणजे तू मीठ मोजणार’ असे म्हटले तेव्हा मला प्रस्ताव जमल्याचे कळले. आधी काय काम झाले आहे ते शोधगंगेवर, म्हणजे भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, नीट तपासा. तुमचीच कल्पना कोणाच्या प्रबंधात निघाली तर लाजू नका, तो प्रबंध पहिल्या पानावर नमूद करा आणि तुम्ही त्यापुढे काय करणार ते सांगा.

परवानग्या आणि परदेशी पैसा

चोडणच्या खारफुटीत पक्षी अभयारण्य आहे. तिथे पाऊल टाकायचे तर वनखात्याची परवानगी लागते, तशीच ती म्हादई, मोले, खोतीगावलाही लागते. माणसांच्या मुलाखती घ्यायच्या असतील तर संस्थेच्या एथिक्स कमिटीची मान्यता हवी, आणि ही कमिटी वर्षातून किती वेळा बसते ते आधी विचारा. जैविक नमुन्यांच्या कामात परदेशी भागीदार असेल तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे जावे लागते. परवानगी हातात नसली तरी अर्ज केल्याची पोच जोडता येते का, ते जाहिरातीत बघा.

परदेशी ग्रँट मिळाली म्हणजे पैसे मिळाले असे नाही. ट्रस्टच्या कॉलेजाला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. तो पुढे दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, आणि प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या वर चालत नाही. कायद्याने स्थापन झालेल्या, सरकारी मालकीच्या आणि कॅगचे लेखापरीक्षण सक्तीचे असलेल्या संस्थांना यातून सूट आहे. आपली संस्था कुठल्या बाजूला आहे हे परदेशी जाहिरात उघडण्याआधी विचारा. एका मित्राच्या संस्थेला हा प्रश्न मंजुरीपत्र आल्यावर पडला, आणि पत्र परत गेले.

उलटे कॅलेंडर

शेवटच्या तारखेपासून मागे मोजा. चार दिवस आधी अपलोड, कारण शेवटच्या संध्याकाळी पोर्टल गोगलगाय होते आणि जून-जुलैत आपल्याकडची वीज कोणाला विचारून जात नाही. त्याआधी दहा दिवस सह्यांसाठी. त्याआधी एक आठवडा अंदाजपत्रक दुसऱ्यांदा अकाउंट्सकडे. लिहायला निदान तीन आठवडे. या सगळ्यावर गोव्याच्या सुट्ट्या ठेवून बघा: चवथ, दिवाळी, ३ डिसेंबरचे सायबाचे, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचे, फेस्त, नाताळ. दिल्लीवाल्यांच्या कॅलेंडरात सायबाचे फेस्त नसते.

नकार आला तर परीक्षकांचे शेरे मागून घ्या. मिळाले तर दोन दिवस ते बाजूला ठेवा, मग वाचा. माझा खाजनाचा प्रस्ताव दुसऱ्या खेपेला मंजूर झाला. पहिल्या शेऱ्यात ‘नमुन्यांची संख्या कमी’ एवढेच होते. ६ कुणग्यांचे १२ केले, बाकी फारसे काही बदलले नाही.

मंजुरी आल्यावर

मंजुरीपत्राच्या तारखेआधी एक रुपयाही खर्च करू नका, तो परत मिळत नाही. पैसे हप्त्यांनी येतात, आणि पुढचा हप्ता मागताना जीएफआर १२-अ या सरकारी नमुन्यातले युटिलायझेशन सर्टिफिकेट, म्हणजे पैसे ठरल्या कामाला वापरल्याचा दाखला, लागते. खात्यात पडून राहिलेल्या पैशांवरचे व्याजही आपले नसते, ते सरकारजमा करावे लागते. पहिला हप्ता कधीकधी फेब्रुवारीत उगवतो आणि आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते. तेवढ्यात जेआरएफची जाहिरातसुद्धा निघत नाही. घाबरून मार्चअखेर नको ती यंत्रे विकत घेऊ नका. उरलेली रक्कम पुढच्या वर्षी वापरू द्यावी असे पत्र मार्चच्या पहिल्या आठवड्यात पाठवा, आणि यावेळी शिक्का मारायला विसरू नका.