उंदराच्या सॅम्पलमध्ये व्हीईजीएफ मोजायचाय? मग आधी रक्ताचं ठरवा

लॅबमध्ये नवीन आलेल्यांना एलायझाची (अँटीबॉडी वापरून प्रोटीन मोजायची पद्धत) भीती वाटते ती पिपेटिंगची, प्लेटचे ९६ वेल म्हणजे छोटे खळगे भरायचे, वॉश करायचे, मध्येच कुठे वेळ चुकली तर काय वगैरे. खरं सांगायचं तर हात हळूहळू बसतोच. व्हीईजीएफचं, म्हणजे नवीन रक्तवाहिन्या वाढवणाऱ्या प्रोटीनचं, बरंचसं काय ते प्लेटचं पाकीट फोडायच्या आधीच, रक्त काढताना ठरून गेलेलं असतं.

कारण हे प्रोटीन प्लेटलेटमध्ये साठलेलं असतं आणि रक्त गोठताना बाहेर पडतं, त्यामुळे सिरममध्ये (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) जे मोजता त्यात प्लेटलेटमधून सुटलेला भागही आलाच, प्लाझ्मात (न गोठू दिलेल्या रक्तातला द्रव) तो कमी असतो. म्हणून एका ग्रुपचं सिरम आणि दुसऱ्याचं प्लाझ्मा असं कधीच करू नका, आणि रक्तात फिरणारा व्हीईजीएफ हवा असेल तर सरळ प्लाझ्मा घ्या. रक्त गोठू नये म्हणून मी हेपरिनऐवजी ईडीटीए वापरते, कारण व्हीईजीएफ १६४ हा प्रकार हेपरिनला चिकटतो (माणसात १६५, उंदरात एक अमिनो आम्ल कमी), तरी तुमच्या किटच्या माहितीपत्रकात काय चालतं ते बघाच. प्लाझ्मा वेगळा काढून सेंट्रिफ्यूजमध्ये परत एकदा जोरात फिरवा, नाहीतर उरलेल्या प्लेटलेट फ्रीझरमध्ये फुटतात आणि आकडा फुगतो.

२५ ग्रॅमच्या उंदरात सगळं मिळून रक्त असतं २ मिलीच्याही आत, त्यातून हाती येणारा प्लाझ्मा काही शे मायक्रोलिटर. एका वेलला ५० लागणार असेल तर डुप्लिकेटला १०० गेलेच, म्हणून आधी कागदावर हिशोब करा आणि गोठवण्याआधीच छोटे भाग करून ठेवा. त्या जनावराचा जीव गेलेला असतो, ते सॅम्पल परत मिळत नाही, हे मनापासून लक्षात ठेवा.

किट उंदराचंच हवं. माणसाच्या कॅन्सर पेशी टोचलेल्या उंदरात तर दोन व्हीईजीएफ असतात, ट्यूमर पेशींचा माणसाचा आणि आजूबाजूच्या टिश्यूचा उंदराचा, तेव्हा नक्की कुठला मोजताय ते स्पष्ट असू द्या. आणि स्वतः अँटीबॉडी जुळवून प्लेट बनवत असाल तर उंदरात बनवलेली डिटेक्शन अँटीबॉडी (व्हीईजीएफ ओळखणारी) आणि तिच्यावर अँटी-माऊस सेकंडरी (उंदराच्या अँटीबॉडीला धरणारी दुसरी अँटीबॉडी) ही जोडी टाळा, ती सेकंडरी सॅम्पलमधल्या उंदराच्या स्वतःच्या आयजीजी अँटीबॉडीलाही धरते आणि बॅकग्राउंड चढतं.

टिश्यू असेल तर प्रोटीएज इनहिबिटर (प्रोटीन तुटू न देणारं रसायन) घालून बर्फावर लायसेट करा, म्हणजे पेशी फोडून आतलं द्रावण काढा, एकूण प्रोटीन मोजा आणि उत्तर पिकोग्रॅम प्रति मिलिग्रॅम प्रोटीनमध्ये द्या. लायसिस बफर कधीकधी अँटीबॉडीच्या कामात अडथळा आणतो, तेव्हा एका सॅम्पलमध्ये माहीत असलेलं स्टँडर्ड घालून किती परत मिळतं ते तपासा, ८० ते १२० टक्के आलं तर साधारण ठीक धरतात. तसंच एकच सॅम्पल दुप्पट, चौपट पातळ करून बघा, गुणून आलेली उत्तरं जुळत नसतील तर काहीतरी आड येतंय. रक्तात विरघळलेला व्हीईजीएफ रिसेप्टर-१ असतो, त्याला बांधलेला व्हीईजीएफ सगळ्याच अँटीबॉडींना दिसत नाही.

बाकी प्लेटच्या रंगाचं वाचन ४५० नॅनोमीटरवर, करेक्शन ५४० किंवा ५७० वर, आणि स्टँडर्ड कर्व्हला सरळ रेष न लावता फोर पॅरामीटर फिट (एस आकाराची वक्र रेषा). प्लेट दोन लागणार असतील तर कंट्रोल एकीवर आणि ट्रीटमेंट दुसरीवर असं करू नका, दोन्ही ग्रुप दोन्ही प्लेटवर वाटा आणि एक ठरावीक सॅम्पल दोन्हीकडे लावा, म्हणजे प्लेट-प्लेटमधला फरक लगेच कळतो.